सल्ल्यावर तारीख हवी

इंदापूर तालुक्यातल्या बोरीत पावसाने उघडीप दिली, की द्राक्ष बागायतदार आधी पान उलटून डाऊनी (केवडा रोग) बघतो आणि मग मोबाईल काढतो. तिथे पाच ग्रुपवर पाच फवारण्या सांगितलेल्या असतात. कोणी सांगितल्या, कधी सांगितल्या, कशाचाच पत्ता नाही. यातला निम्मा माल औषध दुकानातून निघालेला असतो, हे बारामतीकडच्या कोणत्याही बागायतदाराला सांगावे लागत नाही.

अशा वेळी ज्याच्या शब्दाला वजन, त्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचे मुखपत्र ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक. संघाचे सभासद नाशिक, पुणे, सांगली, सोलापूर अशा चार विभागांत आहेत. अंक महिन्याने येतो; डाऊनी मात्र महिनाभर थांबत नाही. फुलोऱ्यात शिरला तर काही दिवसांत घड हातचे जातात. म्हणून तातडीचा सल्ला, हवामान आणि सभेच्या सूचना फोनवरच गेल्या पाहिजेत, यात मला शंका नाही. आमच्या लोकांना जमेल का, ही काळजीही फुकाची आहे. निर्यातीच्या बागांची नोंद ‘ग्रेपनेट’वर २००६ पासून ऑनलाइन होते आहे.

पण अख्ख्या अंकाची पीडीएफ करून ग्रुपवर टाकली म्हणजे काम झाले, असे कोणी समजू नये. ब्लोअर लावून ट्रॅक्टरवर बसलेला माणूस बोटाने पान मोठे करत लेख वाचणार नाही. त्याहून वाईट म्हणजे पीडीएफ मरत नाही. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र औषधांची यादी काढते, तीच आपली ‘अनेक्शर नऊ’. कोणते औषध, काढणीआधी किती दिवस बंद, अंशाची मर्यादा किती, हे त्यात असते. युरोपने मर्यादा बदलली की यादी बदलते. मागच्या हंगामाची यादी यंदा ग्रुपवर फिरली आणि कोणी ती प्रमाण मानली, तर अख्खा प्लॉट निर्यातीतून बाद होऊ शकतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली. आपल्याकडे तपासायच्या रसायनांत त्याचे नावच नव्हते. एका राहून गेलेल्या नोंदीची किंमत तेव्हा साऱ्या द्राक्षपट्ट्याने मोजली.

तेव्हा प्रत्येक संदेशावर तारीख, विभाग, वाण, छाटणीनंतरचा दिवस आणि सल्ला देणाऱ्याचे नाव असावे. सल्ला कधी बाद होणार, हेही लिहावे. जाहिरात असेल तर तसे ठळक छापावे. मासिकात जाहिरात चौकटीत बसते, म्हणून ती ओळखू येते. फोनवर ती सल्ल्याच्याच वेशात येते.

छापील अंक मात्र बंद करू नये. डॉगरिज खुंटावरचा सविस्तर लेख किंवा एखाद्या बागायतदाराने लिहिलेला आपल्या बागेचा जमाखर्च सावकाश वाचायचा, खुणा करून ठेवायचा असतो. जुने अंक स्कॅन करताना ‘मणी तडकणे’ टाइप केले की त्यावरचे सगळे लेख समोर यावेत, अशी सोय करावी; नुसते फोटो काढून ठेवण्यात अर्थ नाही. हे खर्चाचे काम आहे, पण संघाच्या साठ वर्षांहून अधिक काळाच्या अनुभवाचा ठेवा त्यातच आहे.

बारामती-इंदापूरच्या सभासदांनी येत्या वार्षिक सभेत निदान एवढे तरी मागून घ्यावे: तारीख आणि नाव नसलेला एकही संदेश संघाच्या नावाने निघू नये.