भाड्याचे चित्र, जोखीम कुणाची?

दिघीहून एका भगिनीने विचारले आहे: दवाखान्याच्या भिंतीसाठी सुलेखनाचे मूळ चित्र वर्षभर भाड्याने मिळते आहे. आवडले तर वर्षअखेरी विकत घ्यायचे आणि भरलेले भाडे किमतीतून वजा होणार. हे जायज आहे का?

भाड्याने घेणे, म्हणजे इजारा, जायजच आहे. घोटाळा होतो तो भाडे आणि विक्री एकाच कागदात मिसळल्यावर. भाड्याची वस्तू मालकाची, विकलेली घेणाऱ्याची. मग पावसाळ्यात ओल आली आणि चित्राला बुरशी लागली, तर नुकसान कुणाचे? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००० साली रियाधमध्ये याच प्रकारच्या करारांवर ठराव केला. मुदत चालू असेपर्यंत जोखीम मालकाची. भरलेल्या भाड्याच्या बदल्यात वस्तू आपोआप आपली होत नाही, विक्रीचा करार वेगळा हवा. मुदतीनंतर बाजारभावाने विकत घेण्याची मुभा मात्र देता येते.

तेव्हा ‘सर्व जोखीम भाडेकरूची’ असे वाक्य असेल तर ते आधी काढायला सांगा. भिंत ओली आहे हे माहीत असून तिथेच टांगले, तर भरपाई अर्थात आपली. भाडे वजा करण्याची अटही नको. भाडे हे वापराचे मोल आहे, किमतीचा हप्ता नव्हे. वर्षानंतर मालकाने खुशीने भाव कमी केला तर घ्यावा.

आणि चित्रात आयत असेल तर ते हात धुण्याच्या बेसिनजवळ लावू नका. सहीपूर्वी कागद जवळच्या मुफ्तीसाहेबांना दाखवा.