परगावची दिवाळी

१९५६ साली विजयादशमी १४ ऑक्टोबरला होती. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि गावोगावाहून आलेल्या माणसांनी हे शहर भरून गेले. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, ऐन दिवाळीत, १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात आली. १८६१ पासून आधी मध्य प्रांताची आणि पुढे मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरचे ते पद गेले. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, नव्या मध्य प्रदेशाचा कारभार भोपाळहून सुरू झाला आणि येथील सचिवालयातील कर्मचाऱ्यांची वाटणी होऊन कोणाच्या वाट्याला भोपाळ आले, कोणाच्या वाट्याला मुंबई. एकाच शरद ऋतूत या शहराने दोन गोष्टी अनुभवल्या. बाहेरच्या माणसांना जागा करून देणे म्हणजे काय हे त्याने पाहिले आणि आपली माणसे बिऱ्हाड हलवून परगावी निघताना काय होते तेही पाहिले.

हा इतिहास आठवण्याचे कारण असे, की दर वर्षी दिवाळीच्या सुमारास नागपुरात एक वर्ग असा असतो ज्याला घरी जाता येत नाही आणि ज्याच्याकडे शहराचे लक्षही जात नाही. ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’तील निवासी डॉक्टर व परिचारिका, मिहानमधील ‘एम्स’चे आणि ‘व्हीएनआयटी’चे परप्रांतांतून आलेले विद्यार्थी, बुटीबोरी व हिंगण्याच्या कारखान्यांत पाळी करणारे कामगार, बदली होऊन नुकताच आलेला बँकेतील कारकून, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी गडचिरोलीची किंवा यवतमाळची मुलगी, अशी ही माणसे आहेत. त्यांची नावे वेगवेगळी, कारणेही वेगवेगळी. परंतु लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भाड्याच्या खोलीचे कुलूप उघडताना त्यांना येणारा अनुभव बराचसा सारखा असतो.

हे एकटेपण इतर सणांपेक्षा दिवाळीत अधिक का जाणवते, याचे उत्तर सणाच्या रचनेतच आहे. गणेशोत्सव मांडवात असतो. नवखा माणूसही तेथे आरतीला उभा राहू शकतो आणि प्रसादाला हात पुढे करू शकतो. मराठी माणसाची दिवाळी मात्र उंबरठ्याच्या आत साजरी होते आणि तिचा एकेक दिवस एकेका नात्याला वाहिलेला असतो. अभ्यंगस्नानाला अंगाला तेल लावणारे हात लागतात, पाडव्याला पती-पत्नी लागतात आणि भाऊबीज तर बहीण-भावावाचून होतच नाही. बाहेर आकाशकंदील सर्वांसाठी लागलेला दिसतो. पण ज्या दारावर तो टांगलेला आहे त्या दारात जाण्यासाठी कोणीतरी आपले असावे लागते. बंगाली समाजाची दुर्गापूजा किंवा दिवाळीनंतर सहाव्या दिवशी अंबाझरी तलावाच्या काठी होणारी बिहारी व पूर्वांचली कुटुंबांची छठपूजा यांत परगावी आलेल्या माणसालाही आपले लोक सापडतात. मराठी माणूस मराठी शहरातच परका ठरला, तर त्याच्यासाठी असा काठ कोठेच नसतो.

मग ही माणसे घरी का जात नाहीत, असा प्रश्न सहज विचारला जातो. दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन लोहमार्ग जेथे एकमेकांना छेदतात, तेथे राहणाऱ्याला गाडी मिळू नये हे खरे वाटत नाही. परंतु रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुले होते आणि कनिष्ठ नोकराची रजा मात्र आठ दिवस आधीही नक्की नसते. रजा मंजूर होते तेव्हा गाड्या भरलेल्या असतात. खासगी बसगाड्यांनी गर्दीच्या हंगामात एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक पैसे घेऊ नयेत, असा निर्णय राज्य शासनाने २०१८ साली केला; त्याची अंमलबजावणी कशी होते हे पुण्याहून नागपूरला येणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे. शिक्षकाला दिवाळीची सुटी असते हे खरे. पण प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली वाढवल्यावरही महिना १६,००० रुपयेच होते. त्यातून खोलीचे भाडे आणि खाणावळ वजा केल्यावर कोल्हापूरपर्यंत जाण्यायेण्याचा खर्च काढणे सोपे नाही. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला, म्हणून नागपूर मुंबईच्या जवळ आले. ज्याच्यापाशी मोटार आणि रजा या दोन्ही गोष्टी आहेत, त्याच्यापुरते ते आले आहे.

जो राहतो, त्याची पहिली अडचण भावनेची नसते, जेवणाची असते. धनत्रयोदशीच्या आसपास अनेक खाणावळी बंद होतात, वसतिगृहांच्या भोजनालयांतील स्वयंपाकी गावी जातात, डबे बंद पडतात आणि सकाळच्या तर्री-पोह्यांच्या गाड्याही कमी होतात. त्याबद्दल खाणावळवाल्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. वर्षभर दुसऱ्यांसाठी पोळ्या लाटणाऱ्या बाईलाही दिवाळी आहे आणि तिचा भाऊही तिची वाट पाहत असतो. एका कष्टकऱ्याची सोय दुसऱ्याच्या सणावर पाय देऊन करावयाची नाही, ही मर्यादा पाळूनच मार्ग काढला पाहिजे.

तो मार्ग नागपूरला शिकवण्याची आवश्यकता नाही. धम्मचक्र प्रवर्तनदिनी दर वर्षी लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात. त्यांच्यासाठी शाळांच्या खोल्या मोकळ्या होतात, पाण्याची सोय केली जाते आणि रस्त्यांच्या कडेने संस्था, कर्मचारी-संघटना व साधे नागरिक अन्नदान करतात. पंगतीला बसणाऱ्याला तू कोणत्या गावचा असे विचारले गेले, तर ते आपुलकीने विचारले जाते; ताट वाढण्याची ती अट नसते. अशी व्यवस्था ज्या शहराला लाखोंसाठी जमते, त्याला काही हजारांसाठी जमू नये याचे कारण साधनांचा अभाव हे खास नव्हे. समूह डोळ्यांना दिसतो आणि एकटा माणूस दिसत नाही, एवढेच ते कारण आहे.

पाहुण्यांच्या सोयीचा आणखी एक नमुना याच शहरात आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे एक तरी अधिवेशन दर वर्षी येथे भरावे असे ठरले. त्यानुसार डिसेंबरात मुंबईहून मंत्री आणि कर्मचारी येतात. मंत्र्यांसाठी रवी भवन असते, आमदारांसाठी आमदार निवास असते आणि कर्मचाऱ्यांसाठी १६० गाळे सज्ज होतात. करारात कलम घालून सरकारला नागपुरात यायला लावता येते आणि त्याच्या मुक्कामाची सोयही करता येते. पोटासाठी येथे आलेल्या सामान्य माणसाकरिता असे कोणतेही कलम नाही. त्याचा मुक्काम घरमालकाच्या मर्जीवर असतो आणि ती मर्जी अनेकदा आडनाव ऐकून, आहार विचारून, धर्म पाहून ठरते. खोली देतानाच ज्याची जात तपासली गेली, त्याने दिवाळीत त्याच वाड्याच्या फराळात मन मोकळे करून बसावे ही अपेक्षा भाबडी आहे. सणाचे आमंत्रण भाडेकरू ठेवतानाच्या पहिल्या प्रश्नापासून सुरू होते, ही गोष्ट नागपूरच्या सुशिक्षित वस्त्यांनी ध्यानात घ्यावयास हवी.

यासाठी मोठ्या योजनेची किंवा स्वतंत्र निधीची गरज नाही. शहरातील महाविद्यालयांनी व वसतिगृहांनी मिळून सुटीच्या आठवड्यात निदान एक भोजनालय आळीपाळीने चालू ठेवावे आणि त्या आठवड्यात काम करणाऱ्या स्वयंपाक्यांना दुप्पट मजुरी व नंतर भरपगारी रजा द्यावी. कार्यालयांनी रजा देताना ज्येष्ठतेबरोबर घराचे अंतरही मोजावे. यंदा ज्याने दिवाळीत पाळी केली, त्याला पुढच्या वर्षी प्रथम रजा मिळावी. ग्रंथालये व अभ्यासिका या दिवसांत काही तास तरी उघड्या राहाव्यात, कारण एकट्या विद्यार्थ्याला पुस्तकांइतकाच माणसांच्या वावराचाही आधार असतो. मणिपूरच्या विद्यार्थ्याचा नाताळ आणि केरळच्या परिचारिकेचा ओणम यांनाही हाच न्याय लागू केला पाहिजे. परगावची दिवाळी हा केवळ दिवाळीचा प्रश्न नव्हे.

राहता राहिला शेजाऱ्यांचा भाग. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दया म्हणून दिलेला फराळाचा पुडा घेणाऱ्याला आणखी एकटे करतो. वर्गणीची पावती नव्या भाडेकरूकडे न चुकता पोचते, मग कंदील बांधायला आणि रांगोळी रेखायला त्याला बोलावणे का पोचू नये? चकल्या तळताना झारा हाती देणे हे चकल्यांचे ताट हाती देण्यापेक्षा अधिक आपलेपणाचे असते. ज्याला काम सांगितले जाते तो घरचा होतो. ज्याला केवळ वाढले जाते तो पाहुणाच राहतो. आणि कोणाला त्या दिवशी एकटेच राहावेसे वाटले, तर त्याचाही मान राखला पाहिजे.

पुण्याच्या, बंगळूरच्या किंवा त्याहूनही दूरच्या एखाद्या खोलीत आज नागपूरच्या शेकडो घरांतील मुले-मुली आहेत. दिवाळीत त्यांना कोणी विचारले का, हा प्रश्न येथील आईवडील दूरध्वनीवरून हमखास करतात. तोच प्रश्न बीडची, बालाघाटची किंवा दरभंग्याची एखादी आई नागपूरविषयी करीत असेल. तिच्या मुलाने त्यावर खरे उत्तर द्यावे आणि ते ऐकून तिचे समाधान व्हावे, एवढी तजवीज या शहराला येत्या दिवाळीपर्यंत सहज करता येईल.