नवऱ्यानं मारलं, पावसानं झोडपलं

नवऱ्यानं मारलं अन् पावसानं झोडपलं, तर दाद कुणाकडं मागायची? ही म्हण तुम्हीही ऐकली असेल. आमच्या गंगापूर-वैजापूर भागात ती बाया सांगतात, बापे सांगतात, मार खाऊन माहेरी आलेल्या पोरीला तिची आईसुद्धा सांगते. सांगणारा शहाणा ठरतो अन् ऐकणारी गप होते.

या म्हणीचा मला राग आहे, अन् तो शेतकरी म्हणून आहे. तिचा अर्धा भाग आता खोटा झालाय. पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडं मागायची, हे आम्हाला चांगलं कळलंय. २०१६ साली पंतप्रधान पीकविमा आला, तेव्हा नुकसान झालं की ७२ तासांत कळवायचं असायचं, हे शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. गारपीट झाली की तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बांधावर येतात, पंचनामा करतात. नाही आले तर आम्ही तहसीलवर मोर्चा नेतो. पैसे मिळतात, न मिळतात, तो भाग वेगळा. पण कपाशी आडवी झालेल्या माणसाला "तू काय केलं होतं?" असं कुणी विचारत नाही.

बाईला मात्र पहिला प्रश्न तोच. "तू काय केलं होतं?"

हे माझ्या एकट्याच्या गावाचं गाऱ्हाणं नाही. सरकारचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळात झालं. त्यात लोकांना सात कारणं विचारली. बायको न सांगता बाहेर गेली, घराकडं-लेकरांकडं दुर्लक्ष केलं, उलटून बोलली, जवळ येऊ दिलं नाही, स्वयंपाक बिघडला, तिच्यावर संशय आला, सासू-सासऱ्याचा मान ठेवला नाही. यातल्या एखाद्या कारणासाठी नवऱ्यानं मारलं तर ते बरोबर का? देशभरात शंभरातल्या सुमारे ४४ पुरुषांनी हो म्हणलं. अन् बायांनी? शंभरात ४५. बायांचा आकडा एकानं जास्तच! त्याच सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चौघींतल्या एकीनं नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलंय.

ती सात कारणं पुन्हा वाचा. सातही तिचीच आहेत. तो पिऊन आला, पत्त्यात हरला, कापसाच्या पट्टीचे पैसे उडवून आला, तर तिनं त्याला मारणं बरोबर का, असं कुणाला विचारावंसुद्धा वाटत नाही.

पारावर या गोष्टी निघाल्या की दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं म्हणजे, "एका हातानं टाळी वाजत नसती." टाळीला दोन हात लागतात हे खरं, पण कानाखाली वाजवायला एकच हात पुरतो.

दुसरं वाक्य असं, "बिचाऱ्याच्या डोक्यावर कर्ज आहे, दुष्काळ आहे, राग आवरत नाही." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मराठवाड्याचा दुष्काळ मला कुणी शिकवायला नको. हाच माणूस बँकेच्या साहेबापुढं हात जोडून उभा राहतो. बोगस बियाणं देणाऱ्या दुकानदाराला "साहेब, बघा ना काहीतरी" म्हणतो. तिथं राग आवरतो, मग घरीच का आवरत नाही? राग आंधळा असता तर वाटेत कुणावरही पडला असता. तो बरोबर उंबरा ओलांडून, पलटून न मारणाऱ्या माणसावरच पडतो. अन् कर्ज काय त्याच्या एकट्यावर असतं? तिच्या अंगावरचे मणी गहाण गेलेले असतात.

शहरातल्या वाचकानं हे खेड्यातलं, दारुड्याचं दुखणं समजू नये. २०२५ च्या मे महिन्यात पुण्याजवळ मुळशी तालुक्यात वैष्णवी हगवणे ही तरुण सून गेली. घर पैशाचं, लग्नात सोनं-चांदी, महागडी गाडी दिल्याचं सगळ्या पेपरांत आलं. कोण दोषी ते कोर्ट ठरवील. मी बोलतोय ते वेगळ्या गोष्टीवर. नवऱ्यानं चापट मारली म्हणजे छळ होत नाही, अशा अर्थाचं आरोपींच्या वकिलांनी कोर्टात मांडल्याच्या बातम्या आल्या. तिच्या चारित्र्यावरही बोट गेलं. वकिलावर सगळा महाराष्ट्र तुटून पडला. पण ते वकील आमच्या पाराचंच बोलत होते. फरक एवढाच की ते काळा कोट घालून बोलले.

माझी आई शाळेत गेलेली नव्हती. आमच्या आळीत एका घरी रात्री मारझोड सुरू झाली की ती एका हातात कंदील, एका हातात वाटी घेऊन त्या दारात जाऊन उभी राहायची. "विरजण हाय का गं माय?" एवढ्या रात्री विरजण! पण दारात माणूस उभं दिसलं की त्या बाप्याचा हात थांबायचा. गावानं नाव कुणाला ठेवलं? मारणाऱ्याला नाही, माझ्या आईला. "लोकाच्या घरात लई नाक खुपसती."

आईला जे कळत होतं ते पुढं कायद्यात आलं. घरात होणाऱ्या हिंसाचारापासून बायकांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात संरक्षण अधिकारी असतो. त्याला खबर त्या बाईनंच द्यावी असं नाही. शेजारीपाजारी, कुणीही देऊ शकतं, अन् चांगल्या हेतूनं दिली तर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. तो अधिकारी घडल्या प्रकाराचा अहवाल लिहितो. म्हणजे पंचनामाच की! मारू नको, घराबाहेर काढू नको, असा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. म्हणजे म्हणीचा दुसरा अर्धा भागही खोटा झालाय. दाद मागायला जागा आहे. अडचण एवढीच, की तिथं जायला निघालेल्या बाईच्या वाटेत आपण उभे आहोत.

आता कुणी म्हणेल, खोट्या केसेस होतात. होत असतील. म्हणून तर सुप्रीम कोर्टानं २०१४ सालीच पोलिसांना बजावलं, की ४९८-अ खाली नाव आलं म्हणून लगेच उचलू नका, आधी अटकेची गरज तपासा. पण आपल्याकडं बोगस पीकविमाही निघाला ना? दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी पडीक जमिनीवर विमा काढणारे बहाद्दर निघाले. म्हणून खऱ्या गारपिटीचे पंचनामे बंद करा, असं एक तरी शेतकरी म्हणाला का? तिथं आपण म्हणतो, चोराला धरा, आमचं नुकसान बघा. हाच न्याय बाईला लावताना जीभ का जड होते?

२००७ पासून गावोगाव तंटामुक्ती समित्या झाल्या. बांधाचे, वाटेचे तंटे मिटले, चांगलं झालं. पण बायकोला मारणं हा तंटा नाही. तंट्यात दोन बाजू असतात, दोघांनी एकेक पाऊल मागं घ्यायचं असतं. मार खाणारीनं कुठलं पाऊल मागं घ्यायचं? तिच्या मागं भिंत असते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं. म्हणजे गावानं मनात आणलं तर होतं. माझी मागणी त्याहून साधी आहे. विम्याच्या टोल फ्री नंबराशेजारी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर अन् संरक्षण अधिकाऱ्याचा फोन रंगवा. तंटामुक्तीच्या बैठकीत अशी बाई आली तर "तू काय केलं होतं?" हा प्रश्न तिला विचारायचा नाही, तो शेजारी मान खाली घालून बसलेल्या बाप्याला विचारायचा, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. अन् ती म्हण यापुढं कुणी पोरीला सांगायला लागलं, तर मधेच थांबवून म्हणायचं, पाऊस वरून येतो, त्याला धरता येत नाही. नवरा आपल्याच गावचा आहे.