विश्लेषण : लग्नाच्या वाढदिवसाला क्रूझ, पण नव्या कंपनीवर भरवसा किती ठेवायचा?

लग्नाचा दहावा किंवा पंचविसावा वाढदिवस म्हटला की महाबळेश्वर, गोवा, फार तर बँकॉक ही ठरलेली ठिकाणे. आता या यादीत मुंबईहून सुटणारे क्रूझ जहाजही आले आहे. विमानतळाची दगदग नाही, देशांतर्गत फेरीला व्हिसा नाही, सामान एकदाच उघडायचे. मात्र नवी क्रूझ कंपनी निवडणे हे नवे हॉटेल निवडण्यासारखे नाही. हॉटेल आवडले नाही तर दुसऱ्या दिवशी बाहेर पडता येते. जहाजावर ती सोय नसते आणि पैसे तर काही महिने आधीच भरलेले असतात.

क्रूझची चर्चा आताच का?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतून ‘क्रूझ भारत मिशन’ची घोषणा केली. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करणे हे त्याचे एक उद्दिष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअर येथील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्याची क्षमता वर्षाला सुमारे १० लाख प्रवाशांची आहे. कॉर्डेलिया क्रूझेसने नॉर्वेजियन कंपनीची ‘नॉर्वेजियन स्काय’ आणि ‘नॉर्वेजियन सन’ ही दोन जहाजे भाडेकराराने घेण्याचे एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. थोडक्यात, बंदर आणि जहाजे वाढत आहेत, तशी मोबाइलवर येणाऱ्या ‘कपल ऑफर’चीही भर पडते आहे.

कंपनी नवी, मग जहाज?

जहाज बहुतेक वेळा नवे नसते. मोठे क्रूझ जहाज नव्याने बांधायचे तर हजारो कोटी रुपये आणि काही वर्षे लागतात. त्यामुळे नवी कंपनी एखाद्या जुन्या, मोठ्या कंपनीकडून वापरलेले जहाज घेते आणि रंगरंगोटी करून नव्या नावाने पाण्यात उतरवते. जलेश क्रूझेसने २०१९ मध्ये मुंबईतून सेवा सुरू केली ती ‘कर्णिका’ या जहाजावर. ते १९९० मध्ये ‘क्राउन प्रिन्सेस’ म्हणून सेवेत आले होते. कॉर्डेलियाने सप्टेंबर २०२१ मध्ये सुरुवात केली ती ‘एम्प्रेस’वर, तेही १९९० चेच, फ्रान्समध्ये बांधलेले, पूर्वी रॉयल कॅरेबियनच्या ताफ्यातले.

जुने म्हणजे असुरक्षित, असा याचा अर्थ नाही. जहाजांची ठरावीक काळाने तपासणी होते आणि प्रमाणपत्राशिवाय त्यांना प्रवासी नेता येत नाहीत. फरक पडतो तो सोयींत. त्या काळच्या जहाजांवर बाल्कनीच्या खोल्या कमी आणि साध्या खोल्या लहान असतात. जाहिरातीत सूर्यास्त पाहणारे जोडपे बाल्कनीत उभे असते. सर्वांत स्वस्त दराची खोली मात्र आतल्या बाजूची, बिनखिडकीची असते. जहाजाचे मूळ नाव आणि बांधणीचे वर्ष इंटरनेटवर दोन मिनिटांत सापडते. ऑफरच्या पानावर ते क्वचितच ठळक दिसते.

कंपनी बंद पडली तर भरलेल्या पैशांचे काय?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा. जलेशचेच उदाहरण घ्या. करोनामुळे फेऱ्या थांबल्या आणि ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. ‘कर्णिका’ची न्यायालयाच्या आदेशाने विक्री झाली आणि त्याच वर्षी ते जहाज भंगारात निघण्यासाठी गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर पोहोचले. पहिल्या प्रवासापासून भंगारापर्यंत दोन वर्षेही लागली नाहीत.

अशा वेळी जहाज विकून आलेल्या पैशांवर पहिला हक्क कोणाचा, हे २०१७ च्या नौवहनविषयक (ॲडमिरल्टी) कायद्यात ठरवून दिले आहे. आधी कप्तान व खलाशांचे थकलेले पगार, मग मृत्यू किंवा इजेची भरपाई, जहाज वाचवणाऱ्यांचा मोबदला, बंदराची देणी आणि जहाजामुळे झालेल्या नुकसानीचे दावे. त्यानंतर जहाज तारण ठेवून कर्ज देणारे. बाकीचे सगळे या रांगेच्या शेवटी. पुढच्या डिसेंबरमधल्या वाढदिवसासाठी आज साठ-सत्तर हजार रुपये आगाऊ भरणारे जोडपे या शेवटच्या गटात मोडते. खलाशांचे पगार आधी दिले जावेत, हे योग्यच आहे. पण प्रवाशाच्या वाट्याला काय उरेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

अमेरिकेत यावर वेगळा उपाय आहे. तेथील बंदरातून ५० किंवा अधिक प्रवाशांची सोय असलेले जहाज न्यायचे, तर फेरी न झाल्यास परतावा देण्याची आर्थिक हमी कंपनीला आधीच फेडरल मेरिटाइम कमिशनकडे दाखवावी लागते. मुंबईहून निघणाऱ्या प्रवाशाने निदान एवढे पाहावे, की पैसे क्रेडिट कार्डने भरले तर सेवा न मिळाल्यास बँकेमार्फत ती रक्कम परत मागण्याची वाट असते. एजंटच्या बँक खात्यात थेट पैसे पाठवले की ही वाट बंद होते. पाच टक्के सवलतीच्या मोहाने नेमके हेच केले जाते.

जाहिरातीतला दर आणि शेवटचे बिल यात फरक का?

कारण जाहिरातीतला दर माणशी असतो आणि तोही एका खोलीत दोघे राहणार हे गृहीत धरून. त्यावर बंदर शुल्क, कर आणि सेवाशुल्क येते. परदेशी कंपन्या सेवाशुल्क म्हणून दिवसाला माणशी साधारण १६ ते २० डॉलर थेट बिलात लावतात. सात रात्रींच्या प्रवासात दोघांचे हे २२४ ते २८० डॉलर, म्हणजे सुमारे २० ते २५ हजार रुपये होतात. मद्य, खास रेस्तराँ, किनाऱ्यावरच्या सहली, वाय-फाय आणि बहुतेक वेळा वाढदिवसाची खोलीतली सजावट यांचे पैसे वेगळे. किनारा दूर गेला की मोबाइल जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे दर चटका लावणारे असतात. म्हणून फोन ‘फ्लाइट मोड’वर ठेवणे बरे.

दोन रात्रींची फेरी स्वस्त वाटते, पण दुपारी चढायचे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उतरायचे, म्हणजे जहाजावर पूर्ण दिवस एकच मिळतो. पंचविसाव्या वाढदिवसासाठी ते थोडे तुटपुंजेच.

ठरलेले ठिकाण चुकले तर?

तक्रार करायला फारशी जागा नसते. हवामान किंवा सुरक्षेच्या कारणाने मार्ग बदलण्याचा, बंदर वगळण्याचा अधिकार कप्तानाला असतो आणि तिकिटाच्या अटींत तसे लिहिलेले असते. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात थांबते आणि प्रवासी लहान बोटींतून बेटावर जातात. समुद्र खवळलेला असेल तर हा टप्पा पहिल्यांदा रद्द होतो. केवळ लक्षद्वीपसाठी पैसे मोजणाऱ्यांनी हे धरूनच चालावे. पावसाळ्याच्या तोंडावर जोखीम अधिक. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अरबी समुद्रात त्यामानाने शांत. बोट लागण्याची भीती असेल तर जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात आणि ती स्वस्तही असते.

फेरीच रद्द झाली किंवा परतावा अडला तर?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाऊ शकतो. कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी नाशिक किंवा सांगलीच्या जोडप्याला तिथे खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंत मोजलेल्या सेवेसाठी तक्रारीला शुल्क नाही आणि ती ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. त्यासाठी नोंदणीची पावती, त्या दिवशीच्या अटींचे पान आणि ऑफरचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. संकेतस्थळावरची अटींची पाने नंतर बदलतात.