कासवाला काठही हवा

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका पोराने नाल्यातून कासव धरून आणले आणि प्लास्टिकच्या टबात ठेवले. बघायला सारी वस्ती लोटली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "राहू द्या घरात, भाऊ. कासवाने पैसा येतो म्हणतात." मी म्हटले, "मावशी, तसे असते तर मी वीस वर्षे कारकुनी कशाला केली असती?" सगळे हसले. माझे लक्ष मात्र कासवाकडे होते. टबात पाणी भरपूर, तरी ते सारखे कडेला पाय लावून वर चढू पाहत होते.

कासव पाण्यात राहते, एवढेच आपल्याला माहीत असते. पण त्याचे रक्त आपल्यासारखे आपोआप गरम राहत नाही. अंगात ऊब यावी, खाल्लेले पचावे, पाठीवरचे शेवाळ वाळावे म्हणून त्याला उन्हात यावे लागते. त्यासाठी पाण्यात पडलेला ओंडका, खडक किंवा वाळूचा उंचवटा हवा. मादीला अंडी घालायला तर कोरडी जमीनच लागते. अनेक जातींमध्ये पिल्लू नर होणार की मादी, हेही त्या मातीच्या उष्णतेवर ठरते. म्हणजे पाणी राखले आणि काठ गेला, तर कासवाचा वंश थांबला.

चंबळ नदीत हेच घडत आले आहे. तिथे लाल तिलकधारी नावाचे कासव आहे. विणीच्या काळात नराचे डोके लाल होते. एकेकाळी ते गंगेतही होते, आता त्याचा मुख्य आसरा चंबळच उरली आहे. मादी मार्चच्या सुमारास वाळूत खड्डा करून अंडी घालते, मे-जूनमध्ये पिल्ले निघतात. १९७९ साली तिथे अभयारण्य झाले, तरी वाळूचा चोरटा उपसा सुरूच राहिला. धरणांमुळे पाणी उतरले की नदीतली बेटे काठाला जोडली जातात आणि कोल्हे, कुत्री थेट अंड्यांपर्यंत पोहोचतात.

यावर उपाय साधाच निघाला. धोक्यातली अंडी अलगद काढून काठावरच कुंपण घातलेल्या वाळूत पुरतात आणि पिल्ले निघाली की नदीत सोडतात. वन खात्याच्या आणि संस्थांच्या या कामात काठच्या गावांतली माणसे राखण करतात. ज्याचे पोट नदीवर आहे त्याला बरोबर घेतल्याशिवाय नदी राखता येत नाही.

आपल्याकडेही वाळूचा उपसा काही कमी नाही. पाट्या वाहणारा मजूर आपल्यातलाच असतो, कमाई मात्र ठेकेदाराची. दख्खनच्या नद्यांतले लीथचे मऊ पाठीचे कासव इतके घटले, की २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करावा लागला.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षानंतर कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात, मारू नयेत अशा प्राण्यांची यादी दिली आहे. तिच्यात कासव आहे. त्याच लेखात विनाकारण रान पेटवू नये, जीव असलेला भुसा जाळू नये, असेही सांगितले आहे. प्राणी वाचवायचा तर त्याचा आसराही वाचवावा लागतो, ही समज तेव्हाची आहे.

आपण काय करावे? गावच्या तळ्याचे सुशोभीकरण निघाले, तर चारही बाजूंनी सिमेंट नको, एका बाजूला उन्हाचा मातीचा उतार ठेवा, असे ग्रामसभेत सांगावे. तळ्यात पडलेले झाड सरपणाला ओढू नये. अंडी दिसली तर हात लावू नये, उलटीपालटी झाली तर आतला जीव मरतो. वन खात्याला कळवावे. आणि कासव घरात ठेवू नये, तो कायद्याने गुन्हा आहे.

संध्याकाळी पोराला घेऊन मी नाल्यावर गेलो. जिथून आणले तिथेच कासव सोडले. ते पाण्यात गेले, थोड्या वेळाने समोरच्या दगडावर चढले आणि मावळतीच्या उन्हात मान ताणून बसले. पोरगा म्हणाला, "काका, त्याला हेच पाहिजे होते." त्या नाल्याला दोन्ही बाजूंनी भिंत घालायची, असे आता कानावर येत आहे. पुढच्या वॉर्डसभेला मी जाणार आहे. पोरगाही येतो म्हणाला आहे.