मर्लिन इंजिनातील इंटरकूलर : उपेक्षित गारव्याचा इतिहास

#धागा

१/ स्पिटफायर श्रेष्ठ की फॉकवुल्फ १९०? दुसऱ्या महायुद्धाच्या चर्चांत हा वाद हमखास रंगतो. पंखांचा डौल, तोफा, वैमानिकांची नावे, सारे काही त्यात येते. १९४२ साली ज्याच्यामुळे पारडे पुन्हा समतोल झाले, तो इंटरकूलर मात्र क्वचितच येतो. ही उपेक्षा अन्यायकारक आहे.

२/ १९४१ च्या शरद ऋतूत फॉकवुल्फ १९० इंग्लिश खाडीवर अवतरले. वळण्याची चपळाई वगळता स्पिटफायर मार्क ५ त्याच्यापुढे फिके पडले. ब्रिटिशांना अधिक शक्ती हवी होती, तीही विरळ हवेत.

३/ ३०,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ३७ टक्के असते. तेथे इंजिनाला धाप लागते. सुपरचार्जर हवा दाबून सिलिंडरांत भरतो. रोल्स-रॉइसने २७ लिटरच्या मर्लिनला एकाऐवजी दोन टप्प्यांचा सुपरचार्जर जोडला.

४/ येथे निसर्गनियम आडवा आला. दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचे टोक हेच सांगते. तापलेले मिश्रण प्रसरण पावते, म्हणून सिलिंडरांत कमी मावते. शिवाय ते अवेळी पेटून इंजिनाला हादरे देते आणि पिस्टन फोडू शकते.

५/ एक साधा हिशोब पाहावा. हवा १५० अंश सेल्सिअसवरून ८० अंशांवर आणली, तर त्याच दाबाला त्याच जागेत सुमारे २० टक्के अधिक हवा मावते. इंजिनाचा आकार तोच, शक्ती मात्र वाढते.

६/ म्हणून सुपरचार्जर आणि सिलिंडर यांच्यामध्ये इंटरकूलर बसला. त्याला पाणी व ग्लायकॉलचा स्वतंत्र प्रवाह, स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र रेडिएटर मिळाला. त्याची किंमतही मोजावी लागली : वजन वाढले, हवेचा रोध वाढला, विमानाचे नाक सुमारे ९ इंचांनी लांबले.

७/ या सुपरचार्जरांमागे स्टॅन्ली हूकर हा गणितज्ञ होता. १९३८ साली तो रोल्स-रॉइसमध्ये आला, तेव्हा इंजिनांचा अनुभव त्याच्या गाठीशी नव्हता. पुढे आत्मचरित्राला त्याने नाव दिले, ‘नॉट मच ऑफ अ‍ॅन इंजिनिअर’!

८/ कार्ब्युरेटरवरून ब्रिटिशांना मागासलेले ठरवणाऱ्यांनीही येथे थांबावे. सुपरचार्जरपूर्वी मिसळलेले इंधन वाफ होताना हवेची उष्णता शोषून घेते. हा गारवा त्यांनी जाणूनबुजून राखला. झटकन सूर मारताना इंजिन अडखळे, हे त्याचे मोल होते. १९४१ साली बिअ‍ॅट्रिस शिलिंग या अभियंतीने एका छोट्या चकतीने तो दोष बराच आटोक्यात आणला.

९/ दोन टप्प्यांचे हे इंजिन मुळात उंचावरून उडणाऱ्या वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानासाठी योजले होते. ते मार्क ५ च्या सांगाड्यात बसवून मार्क ९ साकारले आणि जुलै १९४२ मध्ये ६४ व्या स्क्वाड्रनकडे आले. वेग ताशी सुमारे ३७० मैलांवरून ४०० च्या पुढे गेला. तात्पुरती सोय म्हणून आलेली ही आवृत्ती ५,००० हून अधिक संख्येने बनली. याच घराण्यातील, अमेरिकेत पॅकार्डने बनवलेल्या मर्लिनवर मस्टँग विमाने मार्च १९४४ मध्ये बॉम्बफेकी विमानांच्या रक्षणासाठी बर्लिनपर्यंत गेली.

१०/ एका डब्याने युद्ध जिंकले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. १०० ऑक्टेनचे इंधन, कारखान्यांतील कामगार आणि वैमानिकांचे धैर्य यांवाचून तो निरुपयोगीच होता. परंतु विमानांची तुलना करताना केवळ अश्वशक्तीचे आकडे मांडणे म्हणजे निकाल सांगून कारण दडवणे होय. ती शक्ती उष्णतेने अडवली होती आणि वाट गारव्याने मोकळी केली.

११/ आजच्या टर्बो मोटारींच्या पुढच्या जाळीमागे बहुधा इंटरकूलर असतोच. तेथे तो बाहेरच्या वाऱ्यानेही थंड होतो. मर्लिनमध्ये ते काम ग्लायकॉल करीत असे. तत्त्व तेच आहे. स्पिटफायरचा वाद पुन्हा रंगेल, तेव्हा पंखांइतकीच या डब्याचीही नोंद व्हावी.