दुर्गम म्हणजे कुठून दुर्गम?

अलीकडे एक प्रश्न मला फार वेळा ऐकायला मिळतो. नाशिकच्या मैत्रिणी, ठाण्या-मुंबईकडच्या भाच्या, एखाद्या मेळाव्यात नुकतीच ओळख झालेली शिक्षिका विचारते, "तुमच्या मोखाड्याला एकटीनं आलं तर चालेल का हो?" वीसेक वर्षांपूर्वी लग्न होऊन मी इथे आले तेव्हा प्रश्न वेगळा होता. "तिथे राहतेस तरी कशी गं?" असं विचारायच्या. त्यामुळे आताचा प्रश्न ऐकून मला बरंच वाटतं. बाईला एकटीनं कुठेतरी जावंसं वाटतंय, तेही महाबळेश्वर-माथेरान सोडून, ही काही लहानसहान गोष्ट नाही.

आपल्याकडे बाईच्या प्रवासाला कारण लागतं. लग्नकार्य, लेकीचं बाळंतपण, कुणाचा दहावा, नाहीतर देवदर्शन. डोक्यावर तुळस घेऊन पंढरीला चालत निघालेल्या बाईला "एकटी कशी?" असं कुणी विचारत नाही. पण तीच बाई "मला जरा डोंगर बघून यायचेत" म्हणाली, तर घरात आधी शांतता पसरते आणि मग सासूबाईंच्या गुडघ्यापासून मुलाच्या दहावीपर्यंत सगळे विषय निघतात.

फक्त महिलांसाठीच्या सहली निघाल्या, त्यांनी ही कोंडी बरीच फोडली. पन्नाशीच्या बायका फेटे बांधून परदेशात नाचून आल्या. नावं ठेवणाऱ्यांनी ठेवली, मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण तिथे उठायचं किती वाजता, जेवायचं काय, फोटो कुठे काढायचा, सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं असतं. घर चालवणारी बाई दिवसाला पन्नास निर्णय घेते. प्रवासाला निघाली की मात्र तिच्याकडे पर्स सांभाळण्याचं काम उरतं! म्हणून एखादा तरी प्रवास असा करावा, की तिकीट आपण काढलंय, चुकलेल्या फाट्यावर आपणच उतरलोय आणि रस्ताही आपणच विचारलाय.

या मुलखाला एकट्यादुकट्या बायका नव्या नाहीत. गोदावरी परुळेकर १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी भागात आल्या, डहाणू-तलासरी-उंबरगावच्या पाड्यांतून पायी हिंडल्या, वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचं पुस्तक पुष्कळ जणींनी वाचलं असेल. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी अंगणवाडी, कुरणशाळा असे प्रयोग केले. अनुताई तर बालविधवा. त्या काळात घरच्यांनी काय काय म्हटलं असेल, कल्पना करा. या तिघी काही पर्यटनाला आल्या नव्हत्या, हे मान्य. पण रस्ता नाही, दिवे नाहीत, ओळखीचं कुणी नाही, अशा ठिकाणी बाई जाऊ शकते आणि तिथली माणसं तिला सांभाळून घेतात, हे त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी दाखवून ठेवलंय.

आता यायचं कसं? नाशिककडून त्र्यंबकेश्वरवरून तोरंगण घाटानं मोखाडा. मुंबईकडून कसाऱ्यापर्यंत लोकल आणि तिथून विहीगाव-खोडाळ्याच्या रस्त्यानं एसटी किंवा जीप. पालघर-डहाणूकडून आलात तर आधी जव्हार गाठायचं, तिथून मोखाडा पंचवीसेक किलोमीटर. स्वतःची गाडी असेल तर उत्तमच, पण माझं ऐकाल तर एसटीनं या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्यावर विनोद पुष्कळ झाले, 'बायका उगाच हिंडायला लागल्या' असंही बोललं गेलं. हिंडल्या तर बिघडलं काय? आमच्या बचत गटातल्या बायका पूर्वी बँकेच्या कामाला एकीलाच पाठवायच्या, आता दोघी-तिघी मिळून जातात. काम झालं की बाजार करतात, भजी खातात, मग परत येतात. अर्ध्या तिकिटाचा मला दिसलेला सगळ्यांत मोठा फायदा ही भजी आहेत.

एसटीत शेजारी बसलेली आजी तुम्हाला विचारणार, "एकलीच आलीस का बाई?" शहरातल्या बायकांना हा प्रश्न टोचतो. तिला मात्र तुमच्या चारित्र्याची चौकशी करायची नसते. संध्याकाळ व्हायच्या आत ही पोर मुक्कामाला पोचेल ना, एवढीच तिची काळजी. कुठे उतरायचं ते तिला सांगून टाका. पुढचं ती आणि कंडक्टर मिळून बघतात.

मात्र येणाऱ्या बायकांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकते, ते मला खटकतं. "किती छान आहे हो, अजून बिघडलेलं नाही! असंच राहायला हवं." दुर्गम, अस्पर्श, अनवट असे शब्द प्रवासवर्णनांत फार गोड लागतात. २०११ च्या जनगणनेत आमच्या तालुक्यात सुमारे ८३ हजार माणसं होती, दहातली नऊ आदिवासी. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. पिढ्यान् पिढ्या ती इथे राहताहेत, तेव्हा अस्पर्श असं इथे काहीच नाही. आणि दुर्गम म्हणजे नक्की कुठून दुर्गम?

ऑगस्ट २०२२ मध्ये याच तालुक्यातल्या एका पाड्यावर सातव्या महिन्यात बाळंत झालेल्या बाईची जुळी बाळं दगावली. रक्तस्राव होत असलेल्या त्या आईला झोळीत घालून घरच्यांनी चिखलातून, घसरत्या उतारावरून तीनेक किलोमीटर चालत मुख्य रस्त्यावर आणलं. बातम्या आल्या, चार दिवस चर्चा झाली. ज्या पायवाटेचा फोटो तुम्ही 'स्वर्ग' म्हणून मैत्रिणींना पाठवता ना, तसलीच वाट होती ती. तिथे रस्ता झाला की फोटोत तो वाईट दिसेल, हे खरंय. दिसू दे.

गंमत बघा, आमच्याकडचं पाणी मात्र मुंबईला दुर्गम वाटत नाही. मध्य वैतरणा धरण २०१४ साली पूर्ण झालं, ते मोखाडा आणि शहापूर तालुक्यांच्या सीमेवर, कोचाळ्याजवळ आहे. तिथून मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी जातं. आणि एप्रिल-मे आला की मोखाड्यातल्या कितीतरी पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. टँकर आला की तो विहिरीत ओतायचा आणि मग बायका-पोरी दोराला कळशी बांधून ते शेंदणार. दहिसर-मुलुंडमध्ये नळ सोडणाऱ्या मैत्रिणीनं इथे येऊन ती विहीर एकदा बघावी, असं मला मनापासून वाटतं. तिला अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही हं. आपला नळ कुठून येतो हे माहीत असलेलं बरं.

एकटीनं प्रवास करणाऱ्या बायका आमच्याकडे मुळातच खूप आहेत, त्यांना कुणी 'सोलो' म्हणत नाही एवढंच. डोक्यावर मोळी घेऊन पहाटे बाजाराला निघालेली, रानभाज्यांची पाटी घेऊन फाट्यावर जीपची वाट बघणारी, आजारी पोर कडेवर घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठणारी. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, बांधकामावर जगायला जातात. 'जगायला जाणं' हा इथलाच शब्दप्रयोग. तुम्ही रोजच्या कामातून सुटायला ज्या बसमधून उतरता, तिच्यातच चढून ती कामाला निघालेली असते. तिच्याशी दोन शब्द बोला. डोंगर कुठे पळून जात नाहीत.

येणाऱ्यांचा दुसरा एक प्रकार आहे, त्यावर मी जरा कडक बोलणार आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणानं बालमृत्यू झाले आणि हा भाग राज्यभर माहीत झाला. मंत्री आले, पत्रकार आले, संस्था आल्या. त्यातून कामही झालं, नाही असं नाही. पण तेव्हापासून 'जव्हार-मोखाडा' म्हटलं की काहीतरी वाटायला जायचं, अशी समजूतच होऊन बसलीय. दिवाळीच्या सुमारास गाड्या येतात. त्यातून उतरतात चेन तुटलेल्या पँटी, विटलेल्या साड्या, पार्टीतले चमचमते फ्रॉक. पोरांना रांगेत उभं करून हातावर बिस्किटाचा पुडा ठेवायचा, फोटो काढायचा आणि पाच वाजायच्या आत घाट उतरायचा. मैत्रिणींनो, तुमच्या दारात येऊन कुणी तुमच्या मुलाला असा पुडा दिला तर तुम्ही काय कराल? एकटी येणारी बाई हे करत नाही, निदान तिच्याकडे टेम्पो नसतो! तिला पाणी मागावं लागतं, रस्ता विचारावा लागतो, "जेवण मिळेल का?" म्हणावं लागतं. देणारी इथली असते आणि घेणारी ती. एकटीनं या, असं मी आग्रहानं म्हणते ते याच्याचसाठी.

जेवणाचे पैसे मात्र द्यायचेच. "नको, नको" म्हणतील, तरी द्यायचे. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, ठेचा. पावसाळ्याच्या तोंडाला आलात तर शेवळं, पुढे कंटोळी, वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. नागलीचे पापड आवडले तर गटाकडून विकत घ्या आणि घासाघीस करू नका. मॉलमध्ये करता का? फोटो विचारून काढा. विहिरीवर, ओढ्यावर धुणं धुणाऱ्या, आंघोळ करणाऱ्या बायकांचे तर काढूच नका. आपल्या बाल्कनीत समोरच्या इमारतीतून कुणी कॅमेरा रोखला, तर आपण पोलिसांत जाऊ.

भीतीचं विचाराल तर मला इथे रात्रीच्या माणसांपेक्षा दिवसाच्या पाण्याची भीती जास्त वाटते. जुलै २०२० मध्ये जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले. दाभोसा, हिरडपाडा, काळमांडवी सगळे देखणे, पण वरती पाऊस झाला की खाली पाणी कधी वाढतं ते कळत नाही, आणि शेवाळलेला खडक कुणाची ओळख ठेवत नाही. पावसाळ्यात बऱ्याचदा प्रशासन धबधब्यांवर बंदी घालतं, ती मोडण्यात काही शौर्य नाही. गावातला माणूस "पुढे जाऊ नका" म्हणाला की थांबायचं. बाकी, घाटात धुकं असतं आणि मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. त्यामुळे घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे तासाला फोन लागला नाही म्हणून नवरोजी रुग्णालयांना फोन करत बसणार नाहीत. मुक्कामाची सोय आधी फोनवर पक्की करा. जव्हारला राहणं सोपं, मोखाड्याकडे सोय कमी. स्वच्छतागृहांबद्दल मी काय बोलू! एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहाचं दार उघडायला खरं धाडस लागतं. बायकांनी प्रवास करावा असं ज्यांना वाटतं त्यांनी अर्ध्या तिकिटाच्या आधी पाण्याचा एक नळ आणि आतून लागणारी कडी द्यायला हवी होती. हे मी मिळेल तिथे बोलते, इथेही बोलून घेते.

बघायला काय आहे, हे सांगायचं राहिलंच. जव्हारला मुकण्यांचा जयविलास राजवाडा. १९४८ साली विलीन झालेलं हे संस्थान महादेव कोळी घराण्याचं होतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. शिरपामाळ आहे, १६६४ मध्ये सुरतेला जाताना शिवाजी महाराज तिथे थांबले होते असं सांगतात. खोडाळ्याकडे देवबांधचा गणपती, सूर्यमाळचा डोंगर. एका दिवसात सगळं उरकायच्या नादाला लागू नका.

सगळ्या जणी पावसाळ्यात येतात. मी म्हणेन ऑक्टोबरात या. नागली-वरई कापणीला आलेली असते, खुरासणीची पिवळी फुलं उतारावर पसरलेली असतात, आणि माणसं अजून जगायला बाहेर गेलेली नसतात. त्यानंतर पाडे रिकामे होतात, घरात म्हातारी आणि कोंबड्या एवढंच. होळीला मात्र सगळे परत येतात. तिथून पुढे गावोगाव बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे रंगवलेले भले मोठे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात, संबळ वाजत असतो, पोरं आईच्या मांडीवर झोपतात आणि आवडतं सोंग आलं की दचकून उठतात. एकटी आलेली पाहुणी दिसली की कुणीतरी बाई आपलं गोणपाट सरकवून तिला जागा करून देते. उजाडताच मुक्कामाची गाडी सुटते, तिनं परत जाता येतं.